याकूब परकारांनी पाडलेलं विमान

याकूबभाई परकारांनी विमान पाडलं तेव्हा मी त्यांच्या उजव्या हाताला उभा होतो. हात पुढे केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. दुपारची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन, खोलीत सात-आठ माणसं, आणि सगळ्यांना सगळं दिसत होतं. त्यांनी लाल झाकण वर केलं, बोट ठेवलं आणि दाबलं. परदेशी पाहुण्यांचं नवंकोरं विमान तबूकच्या वाळवंटात जाऊन आदळलं. ते माणसाशिवाय उडणारं विमान होतं, हे मी लगेच सांगून टाकतो. पण त्या खोलीत त्या क्षणी आम्हाला जो धक्का बसला, तो या माहितीने कमी झाला नव्हता. माझा अजून झालेला नाही.

आधी आमचं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सौदी अरेबियातल्या तबूकजवळच्या हवाई तळाला सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं नोकरीला होतो. हिवाळ्यात तिथे दोन-तीन युरोपीय देशांची लढाऊ विमानं एकत्र सरावाला यायची. त्या वर्षी त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच एक मानवरहित विमान आलं. पोटाला कॅमेरा, जमिनीवरून रेडिओने चालवायचं. ते पुढे जाऊन लक्ष्य शोधणार आणि मागून वैमानिकांची जेट विमानं येऊन हल्ल्याचा सराव करणार, अशी योजना. दोन्ही एकाच आकाशात. ती एकमेकांवर आदळू नयेत हे पाहणं आमच्या समन्वय कक्षाचं काम. मी तक्ता ठेवायचो: कुठलं विमान, कधी, किती उंचीवर, आकाशाच्या कुठल्या चौकोनात. याकूबभाई सुरक्षा अधिकारी होते. त्यांच्या टेबलावर एक पेटी होती, पेटीवर लाल झाकण, झाकणाखाली बटण. ते दाबलं की मानवरहित विमानाचं इंजिन बंद पडायचं आणि ते खाली यायचं. या बटणाचा रेडिओ वेगळा होता, त्यामुळे विमानाशी बाकीचा संपर्क तुटला तरी बटण चालणार. बोट याकूबभाईंचं, पण हुकूम पाहुण्यांच्या प्रमुखाचा, कर्नलचा. हुकुमाशिवाय झाकणसुद्धा उघडायचं नाही, असा लेखी नियम होता.

असं बटण कुणाच्या हाताखाली द्यायचं झालं तर मी याकूबभाईंचं नाव सर्वांत आधी सुचवलं असतं. म्हणूनच तर हादरलो.

मूळचे ते जयगडच्या खाडीकडचे. तरुणपण मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून गेलं. पुढे जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली आणि रेडिओ ऑफिसर हे पदच उठलं. मग जेद्दाला आले, तिथल्या शराफिया भागात एका केरळी माणसाच्या दुकानात डिश अँटेना दुरुस्त करत राहिले आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीने तबूकला. आमच्या तळावर सगळ्यांच्या अंगाला विमानाच्या इंधनाचा वास यायचा, याकूबभाईंच्या अंगाला अत्तराचा. पांढराशुभ्र शर्ट, त्याला स्वतः घरी केलेली खळ, मेंदीने लालसर केलेली आखूड दाढी. आपल्या आवाजाचा त्यांना मोठा अभिमान होता. "अटलांटिकमध्ये वादळात बोललो तरी समोरच्याला दुसऱ्यांदा विचारायला लागत नव्हतं," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. नम्र वगैरे ते मुळीच नव्हते. चुकलेल्या माणसाला चारचौघांत झापायचे आणि मग त्याच चारचौघांत त्याला चहा पाजायचे.

जहाजावरची एक सवय त्यांनी सोडली नव्हती. जुन्या काळी समुद्रावर रेडिओ ऑफिसरांचा एक नियम असे. तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, जगातल्या सगळ्या जहाजांनी बोलणं थांबवायचं आणि फक्त ऐकायचं. कुठे बुडणाऱ्या जहाजाची हाक येत असेल तर ती गोंगाटात हरवू नये म्हणून. रेडिओच्या खोलीतल्या घड्याळावर तेवढा भाग लाल रंगवलेला असायचा. नियम गेला, घड्याळं गेली, जहाजं गेली, पण याकूबभाई त्या वेळेला गप्प व्हायचे. बोलता बोलता, जेवता जेवता, गाडी चालवता चालवता.

मला हे माहीत होतं, पण माझ्या बायकोला सांगायचं राहिलं. परकार कुटुंब पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलं तेव्हा मंजूने दुबा बंदरावरून आलेली ताजी मासळी आणून कालवण केलं होतं. आम्ही नाशिककडचे, मासळीत तिचा हात नवा, त्यामुळे ती आधीच धास्तावलेली. याकूबभाईंनी पहिला घास घेतला.

"कसं झालंय, भाऊजी?" मंजूने विचारलं.

याकूबभाईंनी घड्याळाकडे पाहिलं, एक बोट वर केलं आणि डोळे मिटले.

मंजू पाहतच राहिली. त्यांची मुलगी सना खाली मान घालून हसू दाबत होती. रुकय्याभाभी मात्र शांतपणे भाताचा घास घेत राहिल्या. ती तीन मिनिटं आमच्या जेवणघरात कुणी चमचासुद्धा वाजवला नाही. मंजूचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. शेवटी याकूबभाईंनी डोळे उघडले आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "तिरफळं नायत. बाकी झकास."

"मला वाटलं काटा अडकला," मंजू म्हणाली.

"काटा अडकता तर बरं होतं," रुकय्याभाभी म्हणाल्या. "आमच्या निकाहात काझीसाहेबांनी विचारलं, कबूल हाय काय. आनि ह्ये बोट वर करून बसले. माझा बाप उठून चालला होता."

दुसरी सवय त्याहून तापदायक. कुणी "ओके" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. तुम्ही काहीही सांगितलं की ते शब्दशः परत म्हणून दाखवायचे आणि स्वतः काही सांगितलं की तुमच्याकडून परत म्हणवून घ्यायचे. रेडिओवर हे ठीकच आहे. पण बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दूध आणायला गेले तरी तिथल्या बंगाली पोऱ्यासमोर उभे. "मी काय मागितलं? परत बोल." घरी भाजीचा निरोप फोनवर देताना भाभींकडूनही परत म्हणवून घ्यायचे. भाभी म्हणायच्या, "एक किलो कांदे, अर्धा किलो टोमॅटो, आनि तुमचं डोकं, असल्यास." आणि याकूबभाई तेही गंभीरपणे परत म्हणायचे, "आनि माझं डोकं, असल्यास. बरोबर."

कक्षात मात्र या सवयीचा उपयोग होता. अरब, युरोपियन, भारतीय, प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं. कोण "हो" म्हणतो म्हणजे काय म्हणतो, हे सांगणं कठीण. मेजर फहद हे सौदी हवाई दलाकडून आमच्या कक्षाचे प्रमुख होते, दिलदार माणूस. ते म्हणायचे, "याकूब, मी इन्शाल्ला म्हटलं की तू ते परत म्हण, म्हणजे आपल्या दोघांपैकी एकाचं तरी देव ऐकेल."

आता सरावाच्या आधीची गोष्ट. ही मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांचा आधी विश्वास बसलेला नाही.

पाहुण्या देशांनी आपापल्या योजना आपापल्या फायलींत आणल्या होत्या. बैठक झाली, पडद्यावर नकाशे दाखवले गेले, सगळ्यांनी माना डोलावल्या. याकूबभाई उठले आणि म्हणाले, "आता चालून दाखवू." कुणाला कळेना. ते सगळ्यांना हँगरमागच्या मोटारी लावायच्या जागेत घेऊन गेले. तिथे त्यांनी सकाळीच माणसं लावून खो-खोचं मैदान आखतात तशी फक्की मारून घेतली होती. हा तळ, ही दरी, ही कड, ही काळी टेकडी. प्रत्येक वैमानिकाच्या गळ्यात उंची लिहिलेला पुठ्ठा अडकवला. आणि मग कर्नलसमोर जाऊन उभे राहिले.

"सर, मानवरहित विमान तुम्ही."

कर्नल उंचापुरा, पिकल्या केसांचा, हसरा माणूस. "का मी?"

"कारण बाकी कुणी झाला तर त्याला पाहून कुणी बाजूला होणार नाही. तुम्हाला पाहून होतील. म्हणजे तुम्ही किती वेळा मध्ये आलात ते मला दिसेल." मग खिशातून कापसाचे दोन बोळे काढले. "हे कानात घाला. त्याला ऐकू येत नाही."

 आमच्या कंपनीचं कंत्राट ज्या माणसाच्या शेऱ्यावर टिकणार, त्याच्या कानात आमचा सुरक्षा अधिकारी कापूस घालायला सांगत होता. कर्नलने क्षणभर पाहिलं, हसला आणि घातले बोळे. गळ्यात पुठ्ठा अडकवलेले तीन देशांचे वैमानिक आणि मधून बहिऱ्यासारखा चालणारा कर्नल, असा खेळ उन्हात अर्धा तास चालला. एकदा कर्नल एका वैमानिकाच्या अंगावर धडकला. सगळे हसले. याकूबभाई हसले नाहीत.

"थांबा," ते म्हणाले. "आता तुमचा रेडिओ बंद पडला. प्रत्येकाने काय करायचं ते करा."

जेटचे वैमानिक आपापल्या जागेवरून निघाले आणि काळ्या टेकडीच्या फक्कीभोवती फिरू लागले. त्यांचा नियम तसा होता. रेडिओ गेला तर काळ्या टेकडीवर, दहा हजार फुटांवर घिरट्या घालायच्या, दुसरं विमान येऊन सोबत करेपर्यंत. उत्तरेकडच्या त्या पिवळ्या मुलुखात ती एकच टेकडी काळी, आकाशातून कुणालाही ओळखू येणारी. मग याकूबभाईंनी मानवरहित विमानाच्या चालकाला, योहान नावाच्या तरुणाला विचारलं, "तुझ्या विमानाशी संपर्क तुटला तर ते कुठे जातं?"

"त्याच्या स्मरणात एक जागा भरलेली असते. तिथे जाऊन घिरट्या घालतं, संपर्क परत येईपर्यंत."

"जागा कुठली?"

योहानने फाइल उघडली. "काळी टेकडी."

"उंची?"

"दहा हजार."

फक्कीच्या रेघांवर सगळे जिथे होते तिथे उभे राहिले. दोन्ही नियम शहाण्या माणसांनी केलेले होते. दोन्ही बरोबर होते. फक्त ते दोन वेगळ्या फायलींत होते आणि आजवर कुणी ते शेजारी-शेजारी ठेवून वाचले नव्हते. कर्नलने कानातले बोळे काढून विचारलं, "काय झालं?" कुणीतरी सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्याच दुपारी मानवरहित विमानाची जागा बदलून दक्षिणेच्या कोरड्या दरीवर नेली. मी तक्ता बदलला, योहानने विमानाच्या स्मरणात नवी जागा भरली. कर्नलने याकूबभाईंचा हात हातात घेऊन दोनदा हलवला.

हे मुद्दाम सांगतो. कर्नल वाईट माणूस नव्हता. पुढे जे झालं त्यात कुणीच वाईट नव्हतं.

सरावाच्या दिवशी सकाळी मानवरहित विमानाचं इंजिन सुरू होईना. पाहुण्यांनी जोडीला आणलेलं तसंच दुसरं, राखीव विमान काढलं. ते वेळेवर उडालं, सगळ्यांना हायसं वाटलं. दुपारपर्यंत सगळं तक्त्याप्रमाणे. मग एका जेटच्या वैमानिकाचा आवाज आला. विजेच्या यंत्रणेत काहीतरी बिघाड आहे, एवढं अर्धवट वाक्य, आणि आवाज बंद. त्याच्या विमानाची खूणही पडद्यावरून गेली, कारण ती खूण विमानानेच पाठवलेल्या संकेतावर चालते. तो उडतोय की पडलाय, कुठे आहे, काहीच कळेना.

कर्नलने सराव थांबवला. सगळ्यांनी परतावं असा हुकूम दिला आणि योहानला म्हणाला, "तुझं विमान जवळच्या वाटेने आण." जवळची वाट डोंगराच्या कडेमागून होती. विमान कडेमागे गेलं आणि योहानचा त्याच्याशी संपर्क तुटला. पडद्यावर त्याची खूण मात्र दिसत होती. ते आपसूक वर चढू लागलं. मग वळलं. दक्षिणेकडे, दरीकडे वळायला हवं होतं. ते उत्तरेला वळलं.

"कुठे चाललंय ते?" याकूबभाईंनी विचारलं.

योहान पडद्याकडे पाहत होता. "घरी. नव्या जागेवर. मला वाटतं."

"वाटतं?"

"हे राखीव आहे," योहान म्हणाला.  "नवी जागा मी पहिल्या विमानात भरली. यात... यात आमच्या देशातून निघताना भरलं होतं."

 बिघडलेल्या जेटने आपला नियम पाळला असेल तर ते याच वेळी काळ्या टेकडीवर, दहा हजार फुटांवर, रेडिओशिवाय, एका माणसाला पोटात घेऊन घिरट्या घालत असणार होतं.

"हुकूम द्या, सर," याकूबभाई म्हणाले.

"थांबा," कर्नल म्हणाला. "तो टेकडीवर आहे याचा काही पुरावा नाही."

"नाही याचा आहे?"

"आकाश मोठं आहे, मिस्टर परकार. दुसरं जेट टेकडीकडे बघायला पाठवलंय. ते सांगेल. तोपर्यंत थांबा. हा हुकूम आहे."

याकूबभाई सरळ बसले. आपल्या त्या अभिमानाच्या आवाजात, जरासुद्धा न चढवता, त्यांनी हुकूम परत म्हणून दाखवला. "तोपर्यंत थांबा. हुकूम ऐकला." आणि लगेच, त्याच आवाजात, "मी दाबतोय."

आणि दाबलं.

पडद्यावरची खूण दोन-तीनदा लुकलुकली आणि विझली. कर्नल उभा होता तसाच राहिला. योहानने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. माझ्या हातातली पेन्सिल कधी मोडली ते मला कळलं नाही. हुकूम न ऐकणारी माणसं मी पाहिली आहेत. हुकूम ऐकून, तो बरोबर म्हणून दाखवून, मग मोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

थोड्या वेळाने फोन वाजला. मेजर फहदनी उचलला, ऐकलं आणि "अल्हम्दुलिल्लाह" म्हणून डोळ्यांना हात लावला. हरवलेलं जेट उत्तरेकडच्या एका लहान नागरी धावपट्टीवर सुखरूप उतरलं होतं. वैमानिक तिथल्या पहारेकऱ्यांबरोबर चहा पीत होता. खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मग मिठ्या सुटल्या आणि एकेक जण याकूबभाईंकडे वळला.

"टेकडीवर गेला होता का तो?" त्यांनी विचारलं.

"नाही," मेजर म्हणाले. "टेकडीवर कुणीच नव्हतं, याकूब."

याकूबभाईंनी लाल झाकण खाली केलं. रुमाल काढून ते पुसलं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मेजरनी त्यांना बोलावलं, मलाही साक्षीला. दार लावलं, गाव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, पेले भरले आणि म्हणाले, "ती पेटी जुनी आहे. वाळू आत जाते. झाकण चुकून उघडं राहिलं, बटण आपोआप लागलं, असं सांग. मी दुजोरा देतो. कर्नललाही तेच सोयीचं आहे, आपला हुकूम मोडला गेला हे त्याला तरी कुठे कळवायचंय? खलास."

माझ्या जिवात जीव आला. मी याकूबभाईंकडे पाहिलं.

"मग पुढच्या वेळी सगळे पेटी साफ करतील," ते म्हणाले.

"करू देत. साफ पेटीने कुणाचं वाईट झालंय?"

"राखीव विमानात काय भरलंय ते कुणी बघणार नाही, मेजर."

"या अखी," मेजर म्हणाले. भावा. "तुझी मुलगी दहावीला आहे. परीक्षा तोंडावर आली आहे. तू खरं बोललास तर कंपनी तुला ठेवणार नाही. इकामा जाईल, इथे राहायची परवानगीच संपेल. मी काही करू शकणार नाही."

"मेजर, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झालात, हे मी कधी विसरणार नाय," याकूबभाई म्हणाले, आणि गावा न पिताच उठले.

परतताना गाडीत मी त्यांना पुष्कळ बोललो. मला माणसाने व्यवहाराने चालावं असं वाटतं, तसं मी बोललो. सनाचं वर्ष जाईल. गावी जाऊन काय करणार, या वयात कोण काम देणार. तिथे कुणी नव्हतंच, मग कशासाठी हा हट्ट.

"तिथे कुणी नव्हतं हे मला तवा म्हाईत होतं काय?" ते म्हणाले.

"नव्हतं. पण आता आहे ना."

"आता काय, मेल्या, आता शेंबडा पोरपण सांगेल." त्यांनी खिडकीची काच वर केली. "मी दाबलं, पाटणकर. माझ्या बोटाने, डोळे उघडे ठेवून. ते वाळूनं दाबलं असं सांगायचं म्हणजे मी तिथे बसलेलोच नव्हतो असं सांगायचं. मग इतकी वर्षं मी तिथे काय करत होतो?"

चौकशी एका सकाळी झाली. वाळवंटातून आणलेल्या अवशेषांतून विमानाच्या स्मरणात काय होतं ते काढण्यात आलं. जागा काळी टेकडी, उंची दहा हजार. तेवढं याकूबभाईंचं बरोबर निघालं. पण जेट तिथे नव्हतं, आणि हुकूम होता. याकूबभाईंनी पेटी, झाकण, वाळू, काही सांगितलं नाही. "हुकूम ऐकला. मोडला," एवढंच सांगितलं. मग त्यांनी परवानगी घेऊन त्या तरुण वैमानिकाला एकच प्रश्न विचारला.

"धावपट्टी दिसली नसती तर कुठे गेला असतास?"

पोरगा पंचविशीचा असेल. त्याने कर्नलकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "टेकडीवर," तो म्हणाला. "मी तिकडेच वळलो होतो."

"जे घडलं नाही ते चौकशीत येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

याकूबभाईंची नोकरी गेली, आणि पुढचं फार भराभर झालं. अकरा वर्षांचा संसार इतक्या लवकर आवरतो हेही मला तेव्हाच कळलं. गाडी एका सुदानी माणसाने नेली. फ्रीज, सोफा, सनाचं टेबल, सगळं पिकअपमध्ये चढलं आणि गेलं. सना बोर्डाची परीक्षा तबूकच्या आपल्या शाळेतून देणार होती, ते आता होणार नव्हतं. शाळेने हळहळ व्यक्त केली. सामान बांधायला मी आणि मंजू गेलो होतो. सना पुस्तकं खोक्यात भरत होती. मान वर न करता ती बापाला म्हणाली, "अब्बा, बस इतना ही तो बोलना था, रेत चली गयी. सब बोलते हैं."

याकूबभाई सुतळीला गाठ मारत होते. मारत राहिले.

रुकय्याभाभी त्या सगळ्या दिवसांत नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मंजू सांगायची, घरात निरोप सनाच्या मार्फत जातात. भाजीही सना सांगते, आणि याकूबभाई कुणाकडून काही परत म्हणवून घेत नाहीत.

तबूकच्या विमानतळावर सोडायला मी एकटाच गेलो. कंपनीतलं दुसरं कुणी आलं नाही. मेजर फहदनी खजुराची पेटी पाठवली होती, ती माझ्या हातात. जेद्दाला विमान, तिथून मुंबई. सामान देऊन झालं. आत जायची वेळ झाली तेव्हा काय बोलावं ते मला सुचेना. म्हणून मी म्हणालो, "भाभी, सांभाळून जा. सगळं ठीक होईल. शेवटी काय, कुणाला काही झालं नाही. विमान तर रिकामंच होतं."

भाभींनी बुरख्याची कड सावरली. माझ्याशी बोलत होत्या, पण नजर माझ्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्यावर होती.

"रिकामं कुठे होतं, भाऊ?" त्या म्हणाल्या. "आम्ही तिघं होतो की त्यात."

त्यांनी सनाचा हात धरला आणि बायकांच्या तपासणीच्या पडद्याआड गेल्या. मी याकूबभाईंकडे वळलो.  त्यांनी माझ्या हातातून खजुराची पेटी घेतली आणि पुरुषांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

काचेपलीकडे मला दिसत होतं. त्यांनी घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवलं, पट्टा काढला, बूट काढले. चौकटीतून गेले, ती वाजली. शिपायाने परत पाठवलं. खिशातल्या किल्ल्या काढल्या, तबूकच्या घराच्या, द्यायच्या राहिलेल्या. पुन्हा गेले. पुन्हा वाजली. शिपाई वैतागून काहीतरी म्हणाला, मागच्या रांगेतली माणसं कुरकुरली. भाभी आणि सना पलीकडे पोचल्या होत्या आणि चालू लागल्या होत्या. याकूबभाई नुसत्या मोज्यांवर त्या गार फरशीवर उभे होते, तो खळीचा पांढरा शर्ट पँटमधून बाहेर आलेला, आणि एकेक खिसा चाचपत अंगावर आणखी काय राहिलं आहे ते शोधत होते.